भीड

मी विमा कंपनीचा माणूस.
डुलूथमध्ये मार्च संपत आला तरी सरोवर गोठलेलंच असतं
आणि लोक दारातच बूट काढायला लावतात,
म्हणून मोजे फाटके नाहीत ना, ते बघूनच मी घरून निघतो.

वर्ना कोस्केलानं कॉफी आधीच करून ठेवलेली.
बशीत वेलदोड्याचा पाव.
टेबलाखाली बार्ली, वय बारा,
उजव्या डोळ्यात दुधाळ ढग,
एक कान कुणीतरी फाडलेला, तिच्याकडे येण्याआधी.
दाव्याचे कागद मी बाहेर काढले नाहीत.
आधी पाव खाल्ला.

तर घटना अशी:
शनिवार, सकाळचे दहा, बेकरीबाहेरचा बाक.
ट्रेंट हॅगस्ट्रॉम, चौतीस, फरशा बसवण्याचं काम करतो.
म्हणाला, "काय गोड आहे! हात लावू?"
ती म्हणाली, "म्हातारा झालाय जरा."
तो म्हणाला, "कुत्र्यांचं आणि माझं जमतं."
ती म्हणाली, "त्याला त्या बाजूनं दिसत नाही."
"काळजीच नको," म्हणत तो वाकला,
नेमका त्या बाजूनं.

सात टाके. उजवा तळहात.
महिनाभर फरशी नाही, मजुरी नाही,
घरात तान्ही मुलगी, तिला घ्यायलाही डावाच हात.
माझ्या फायलीत त्या पंजाचा फोटो आहे,
रुंद, भाबडा,
ज्याला आजवर कुणी झिडकारलं नसावं असा.

हात दाखवून अवलक्षण, म्हणावं तर म्हणावं.
पण इथला कायदा हाताचं काही विचारत नाही.
विचारतो, कुत्रा कुणाचा?
मग विचारतो, त्याला डिवचलं होतं का?
आता डोक्यावरून हात फिरवणं हे डिवचणं धरलं
तर आपण सगळेच लहानपणापासून डिवचले गेलोय.

"तुम्ही नको म्हणालात का?" मी विचारलं.
ती चमचा ढवळत राहिली. कॉफीत साखर नव्हती.
"म्हणाले की. दोनदा."
"'नको', हा शब्द?"
"तो शब्द नाही."

मग म्हणाली,
"आमच्या घरी तो शब्द
पातळ बर्फावर निघालेल्या पोरासाठी राखून ठेवलेला.
बाकी सगळ्याला 'बघू', 'आज जरा', 'असू दे'.
शाळेतल्या मुलांनी त्याची शेपूट ओढली, मी हसले.
बसची वाट बघणाऱ्या एका बाईनं
त्याच्या तोंडात बिस्किट कोंबलं, मी आभार मानले.
तो वर माझ्याकडे बघायचा.
मी दोरी थोडी ढिली सोडायचे,
उद्धट दिसू नये म्हणून."

भीड भिकेची बहीण म्हणतात.
चाव्याशीही तिचं नातं निघालं.

"आधी गुरगुरला? भुंकला?"
"छे. कधीच नाही," ती म्हणाली. "माझ्यावर गेलाय."

मी सांगितलं, कंपनी पैसे देईल.
पुढच्या वर्षी हप्ता वाढेल,
किंवा पत्र येईल, की या कुत्र्यासकट
तुमच्या घराचा विमा आम्हाला उतरवता येणार नाही.
तिनं मान हलवली, जणू मीच काही मागत होतो.
ट्रेंटच्या घरी तिनं पाव पाठवला होता.
डबा घासून परत आला. आत काही नव्हतं.

निघताना मी उंबऱ्यात बूट चढवत होतो.
बार्ली आला, नाड्यांवरचं रस्त्याचं मीठ चाटू लागला.
वीस वर्षं झाली या कामाला,
दाव्यातल्या कुत्र्याला मी बोटही लावलेलं नाही.
आणि हात आपोआप खाली गेला.
अर्ध्यावर थांबवून विचारलं, "लावू?"

"नको."

खूप दिवसांनी उघडलेल्या खणासारखा
तो शब्द अडकत, करकरत बाहेर आला.
ती स्वतःच दचकली, तोंडावर हात ठेवला,
"माफ करा" म्हणायला ओठ हललेसुद्धा,
पण म्हणाली नाही.
बार्लीनं चाटणं थांबवलं
आणि चांगला डोळा तिच्याकडे वळवला.

मी हात कोटाच्या खिशात घातला.
आत गाडीच्या किल्ल्या होत्या, गार.
त्याच धरून उभा राहिलो थोडा वेळ.